मदत हवी आहे: व्हॉट्सॲप सुटत नाही, अभ्यास होत नाही (नर्सिंग)

पाणकणीस
लवकर सांगा प्लीज, परीक्षा सव्वा महिन्यावर आली आहे. रात्री पुस्तक उघडते, दहा मिनिटांत फोन हातात येतो आणि बघता बघता साडेबारा वाजतात. सेशनलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत) मायक्रोत, म्हणजे मायक्रोबायोलॉजीत, ३० पैकी ११ पडले. बारावीपर्यंत माझं असं कधीच झालं नव्हतं. ॲप काढून टाक असं सांगू नका, ते जमणार नाही. दुसरा काही उपाय असेल तर सांगा.

वाशीखाडी
का जमणार नाही, ते आधी सांगा. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की बीएस्सी? कितवं वर्ष? होस्टेलला राहता की घरी?

कोपरखैरणेकर
कारण काहीही असो, साधा बटणांचा फोन घ्या. माझ्या मुलाला बारावीच्या वर्षी तोच दिला होता. आठवडाभर आदळआपट केली, मग आपोआप अभ्यासाला बसायला लागला.

पाणकणीस
बीएस्सी, थर्ड सेम. घर कळव्याला, कॉलेज नेरुळकडे. काका, ड्युटी लिस्ट व्हॉट्सॲपवरच येते. रात्री दहाला पोस्टिंग बदलल्याचा मेसेज येतो आणि सकाळी सातला त्या वॉर्डात उभं राहायचं असतं. केअर प्लॅनचा नमुना, असाइनमेंटची तारीख, सगळं तिथेच. बटणांच्या फोनवर पीडीएफ कशी उघडू?

ठाणे_नेरुळ_रोज
कळवा ते नेरुळ म्हणजे ठाण्याला गाडी बदलत असशील. ट्रान्स हार्बर लोकल ठाण्यातून सुटते, बसायला जागा मिळते. नेरुळपर्यंत अर्धा तास हातात असतो. जाता-येता एक तास झाला. मायक्रोच्या नोट्सच्या झेरॉक्स काढ आणि फोन बॅगेत टाक. मी असंच एमकॉम केलं.

ऐरोली_सेक्टर
सकाळी कुठली जागा मिळते हो? आम्हाला ऐरोलीला दारातसुद्धा पाय ठेवता येत नाही.

ठाणे_नेरुळ_रोज
ताई, मी ठाण्याहून बसण्याबद्दल बोलतोय.

वाशीखाडी
रेल्वेचा धागा वेगळा काढा. पाणकणीस, एकूण ग्रुप किती आहेत?

पाणकणीस
मोजले आत्ता. कॉलेजचे ९, शिवाय शाळेचा, घरचा, चुलत भावंडांचा, सोसायटीचा.

वाशीखाडी
मग असं करा. ड्युटी लिस्टचा एक ग्रुप सोडून बाकी सगळे म्यूट करताना 'कायमचे' निवडा. त्यानंतर ते अर्काइव्ह करा. नवा मेसेज आला तरी ते वर येत नाहीत, यादीत दिसतच नाहीत. कोणी तुमचं नाव टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला तरच कळतं. अँड्रॉइड असेल तर डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपला रोजची वेळ ठरवून देता येते.

कोपरखैरणेकर
सेटिंग बदलून सवय जात नाही. ज्या बोटाने बंद केलं त्याच बोटाने चालू करता येतं.

वाशीखाडी
बरोबर आहे, पण आवाजच आला नाही तर बोट निम्म्या वेळा तिकडे जातच नाही. माझा स्वतःचा अनुभव आहे. तुमच्या मुलाला सकाळी सातची ड्युटी नव्हती.

म्युनिक_मित्र
नर्सिंग करतेयस तर आत्तापासूनच जर्मन शिकायला घे. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला भाषेची साधारण बी-२ पातळी लागते. माझी भाची ए-१ पासून, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून शिकतेय. हवं असेल तर क्लासची माहिती देतो.

पाणकणीस
दादा, आधी मायक्रो सुटू दे.

पांढरी_साडी
बाळा, मी २२ वर्षं वॉर्डात काढली. मला एकच सांग, ड्युटीवर फोन कुठे असतो?

पाणकणीस
एप्रनच्या खिशात, व्हायब्रेटवर. मॅडम, हे लिहायचं नव्हतं, पण खरं म्हणजे याचसाठी धागा काढला. मागच्या आठवड्यात एका आजींची नाडी मोजत होते. घड्याळाकडे बघत ४७ पर्यंत आले, तेवढ्यात खिशात फोन थरथरला आणि आकडा चुकला. पुन्हा मोजायला हवं होतं. मी अंदाजाने ७८ लिहिलं. स्टाफ सिस्टरनी पुन्हा मोजली तर १०४ भरली. त्या ओरडल्या नाहीत, फक्त माझ्यासमोर माझा आकडा खोडून बाजूला सही केली. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. काय करू, मी सीआर (वर्गप्रतिनिधी) आहे, मेसेज बघितला नाही तर सगळ्या मलाच फोन करतात.

वाशीखाडी
अहो, तुम्ही सीआर आहात हे पहिल्याच ओळीत सांगायचं! म्हणजे वर्गाच्या ग्रुपच्या ॲडमिन तुम्हीच ना?

पाणकणीस
हो. त्यात काय एवढं?

पांढरी_साडी
त्यातच सगळं आहे. आधी नाडीचं सांगते. आकडा चुकला तर आजींना "थांबा हं, परत मोजते" म्हणायचं आणि पूर्ण मिनिट पुन्हा मोजायचं. रुग्णाला त्याचं काही वाटत नाही. अंदाजाचा आकडा चार्टवर गेला की पुढची ड्युटी त्यावर विसंबते. नाडी ७८ असती तर कोणी वळून पाहिलं नसतं. १०४ म्हटल्यावर ताप, दुखणं, रक्तस्राव, काहीतरी शोधावं लागतं. फोन लॉकरमध्ये ठेव. घरच्यांना वॉर्डाचा नंबर देऊन ठेव.

वाशीखाडी
आणि वर्गासाठी फक्त सूचनांचा वेगळा ग्रुप काढा. सेटिंगमध्ये मेसेज पाठवायची मुभा फक्त ॲडमिनना ठेवा. ड्युटी लिस्ट आणि तारखा तिथेच पडतील, खाली साठ जणींचं "ओके मॅम" येणार नाही. तो एकच ग्रुप आवाजावर ठेवायचा.

कोपरखैरणेकर
हे मात्र पटलं. सोबत दुसरी ॲडमिन नेमा, एकटीवर भार नको.

पाणकणीस
क्लास कोऑर्डिनेटर मॅडमना विचारून काल ग्रुप काढला. त्या आणि माझी मैत्रीण, दोघी ॲडमिन झाल्या. लिस्ट रात्री नवाच्या आत टाकायचं मॅडमनी कबूल केलंय. आज ड्युटीभर फोन लॉकरमध्ये होता, बाहेर आल्यावर २१३ मेसेज होते आणि कामाचा एकच. त्या आजी अजून वॉर्डात आहेत. आज नाडी मीच मोजली, दोनदा, दोन्ही वेळा ८८. रात्री मैत्रिणींचा ग्रुप उघडायचा मोह अजून होतोच. फोन आईकडे देऊन पाहते. मायक्रोत निर्जंतुकीकरणाचा धडा कोणी सोपा करून सांगेल का? ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ अंश आणि १५ मिनिटं एवढंच डोक्यात बसलंय.

पांढरी_साडी
दाब १५ पौंड, तोही लक्षात ठेव. रविवारी सकाळी नवा धागा काढ, मी बसते तुझ्याबरोबर.