मदत हवी आहे : मिरजेत पेशंटच्या नातेवाईकांच्या जेवणाबद्दल

नमस्कार मंडळी, मिरजेत आम्ही गल्लीतले काहीजण घरटी चार-चार भाकरी गोळा करून सिव्हिलबाहेर थांबलेल्या नातेवाईकांना संध्याकाळी जेवण देतोय, जत-आटपाडीकडून, पार कर्नाटकातनं लोक येतात आणि बरेचजण नुसत्या वडापाववर दिवस काढतात. भाकरी-खरड्याचं टेन्शन नाही, टिकतं. अडचण आमटी-भाताची आहे, उन्हाळ्यात दुपारचा भात संध्याकाळपर्यंत चिकट होतो, वास मारतो, तसला आम्ही देत नाही. शिजवलेलं ६० डिग्रीच्या वर गरम ठेवा म्हणतात पण स्कूटीवर पुढं पातेलं ठेवून नेताना ते जमवायचं कसं? मोठे थर्मास डबे सांगली-मिरजेत भाड्यानं मिळतात का कुठं?

दुसरं, मंगल कार्यालयवाले रात्री ११ ला फोन करतात, लग्नातलं उरलंय घेऊन जा. नाही म्हणवत नाही हो, पण ते शिजवलंय कधी कुणास ठाऊक (बासुंदी तर अजिबात नको बाबा). उरलेल्या अन्नाचे एफएसएसएआयचे (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१९ चे नियम आहेत, त्याप्रमाणं कुणी रजिस्ट्रेशन केलंय का, कागद काय लागले?

आणि परीक्षा आल्यात, पोरं अभ्यासाला बसली, वाढायला माणसं कमी पडतायत. पैसे नकोत, तासभर कुणी येणार असेल तर सांगा.