जादूच्या खनिजाला ‘परीस’ म्हणावं का?

प्रश्न : मराठीत एक अद्भुतकथा लिहिते आहे. त्या जगातल्या खाणींत एक खनिज सापडतं. चांदणं पडलं की ते उजळतं आणि जखमेजवळ धरलं की जखम भरून येते. मसुद्यात त्याला ‘परीस’ म्हटलंय, पण वाचलेल्या दोघांनाही ते खटकलं. कारण काय असेल?

उत्तर : खटकणारच. परिसाला मराठीत एकच काम आहे. त्याने लोखंडाला शिवायचं आणि लोखंडाचं सोनं व्हायचं. तो उजळत नाही, दुखणं बरं करत नाही, इच्छाही पुरवत नाही. शब्दाचं मूळ ‘स्पर्श’मध्ये सांगतात, आणि सगळी मदार स्पर्शावरच आहे. म्हणून तर ‘परीसस्पर्श’ हा शब्द इतका रुळला.

दुसरं म्हणजे परिसाला रूप नाही. नामदेवांची आख्यायिका आठवा. परिसा भागवताच्या घरचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत फेकला. भागवत तो मागायला आले, तेव्हा नामदेवांनी पाण्यातून ओंजळभर खडे काढून पुढे केले आणि ‘तुमचा ओळखून घ्या’ म्हणाले. ओळखणार कसा? लोखंड लावून पाहिलं तर प्रत्येक खडा परीस निघाला. गोष्टीचा सगळा जीव यात आहे की परीस दिसायला नदीतल्या गोट्यासारखाच असतो. तुमचं खनिज चांदण्यात झळकतं, म्हणजे तिथेच ते परिसापासून दूर गेलं.

परिसाची मर्यादाही संतांनी नेमकी हेरली आहे. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्या सोन्याला परीसपण येत नाही. ते सोनं पुढच्या लोखंडाला पालटू शकत नाही. दासबोधाच्या पहिल्या दशकात, सद्गुरुस्तवनात, याच कारणाने परिसाची उपमा सद्गुरूला अपुरी ठरवली आहे. तुमच्या कथेत ही शक्ती एकाकडून दुसऱ्याकडे जाणार असेल, तर ‘परीस’ म्हणताच जाणत्या वाचकाची दिशाभूल होईल.

युरोपातल्या किमयागारांच्या दगडालाही आपण सर्रास परीस म्हणतो. ते चालून जातं, पण तो दगड वेगळा. त्याची पूड वितळलेल्या शिशात किंवा तापवलेल्या पाऱ्यात टाकायची, आणि त्यापासून आयुष्य वाढवणारा अर्कही मिळतो अशी समजूत होती. त्याच्याशी आपल्याकडचं नातं जोडायचं तर ते रसशास्त्रातल्या, म्हणजे पारा आणि धातूंच्या जुन्या विद्येतल्या, संस्कार करून सिद्ध केलेल्या पाऱ्याशी. तिथे धातू पालटण्याला ‘वेध’ म्हणतात आणि त्याचे पाच प्रकार आहेत : लेप, क्षेप, कुंत, धूम आणि शब्द. वितळलेल्या धातूत सिद्ध पारा टाकणं म्हणजे क्षेपवेध. अद्भुतकथा लिहिणाऱ्याने ‘वेध’ हा शब्द जरूर उचलावा, फार ताकदीचा आहे.

आता तुमच्या खनिजाबद्दल. आपल्याकडे ‘-कांत’ या शेवटाची एक सुंदर जोडणी तयार आहे. सूर्यकांत उन्हात आग ओकतो. चंद्रकांत चांदण्यात पाझरतो. लोखंड ओढणारा तो अयस्कांत, म्हणजे आपला लोहचुंबक. दगड कशाला प्रतिसाद देतो ते नावातच आलं. चांदण्याने जागं होणाऱ्या खनिजाला ‘चंद्रकांत’ हे नाव चपखल बसेल.

प्रश्न : पण ‘चंद्रकांत’ हे घराघरांतलं नाव आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहील, दगड नाही.

उत्तर : मग ‘सोमकांत’ घ्या. अर्थ तोच, जुन्या काव्यात रुळलेला आणि आज नाव म्हणून विरळा. ‘मणी’ मात्र टाळा. मणी म्हटलं की पैलू पाडून अंगावर घालायचं रत्न डोळ्यांपुढे येतं. पुराणातला, रोज आठ भार सोनं देणारा स्यमंतक मणीसुद्धा सत्राजिताच्या गळ्यातच होता. तुमचं द्रव्य खाणीतून ढेकळांनी निघतं, तेव्हा दगड किंवा खडा म्हणा. जखम भरण्याच्या गुणासाठी खाणीतल्या मजुरांच्या तोंडी वेगळं नाव द्यायचं असेल, तर ‘जहरमोहरा’ ऐकून पाहा. विषावर उगाळून देण्याचा हा हिरवट दगड हकिमांच्या औषधांत खरोखर आहे. त्याच धर्तीवर ‘घावमोहरा’ बनवता येईल. शब्द नवा आहे, पण कानाला जुना वाटतो. पंडितांनी सोमकांत म्हणावं आणि खाणीवाल्यांनी घावमोहरा, अशी दोन नावं एका दगडाला असली तर ते जग खरं वाटेल.

प्रश्न : आणि कुठे परीस आलाच, तर ‘परीसाने’ की ‘परिसाने’?

उत्तर : ‘परिसाने’. गरीब-गरिबाला, तसं परीस-परिसाला. फक्त ‘परिसा’ एकटं लिहिलंत तर जुन्या मराठीत त्याचा अर्थ ‘ऐका’ असा होतो, आणि ‘त्यापरीस हे बरं’ मधला परीस म्हणजे ‘पेक्षा’. या दोघांचा दगडाशी संबंध जोडू नका.