शनिवारच्या भेटीआधी (घरच्या ग्रुपवरून)

मी: शनिवारी सकाळी 11 वाजता गृहकर्ज सल्लागाराकडे पहिल्यांदा जातोय. रेवा आणि मी, दोघंही. पगाराच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट, ओळखपत्रं फाइलला लावलीत. अजून काय लागेल?

ताई: फाइल होईल रे. हप्ता किती झेपेल ते ठरवलंत का?

मी: ते तोच सांगेल ना, दोघांचे पगार बघून?

ताई: किती मिळेल ते तो सांगेल. किती झेपेल ते त्याला कुठून कळणार? आम्ही तेच केलं होतं. पात्रता जेवढी निघाली तेवढं सगळं कर्ज घेतलं. मोठा आकडा आला म्हणून खूश होऊन घरी आलो. दीड वर्षाने माझी नोकरी सुटली आणि सात महिने एका पगारावर हप्ता ओढला. एकही चुकवला नाही, पण ते सात महिने घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

रेवा: ताई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

ताई: नाही बोलले. आता सांगतेय, कारण तुमच्या सह्या अजून झालेल्या नाहीत. उद्या रात्री दोघं बसा आणि एकाचाच पगार आला तर हप्ता जाऊन घर चालतं का ते बघा. जो आकडा येईल तो कागदावर लिहून न्या. समोरचा कितीही गोड बोलला तरी त्याच्या वर जायचं नाही.

दादा: बरोबर. आणि खर्च मनाने धरू नका. मागच्या सहा महिन्यांची स्टेटमेंट काढा. विम्याचे हप्ते, गाडीची दुरुस्ती, वर्षातून एकदाच येणारे खर्च सगळे धरा. मला वाटायचं त्यापेक्षा माझा खर्च बराच जास्त निघाला होता.

काका: मी 20 वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली, म्हणून थोडं लांब लिहितो. सल्लागार बहुतेक वेळा मुदत वाढवून हप्ता हलका करून दाखवतो. त्याचा हिशोब समजून घे. 8 टक्के दराने 20 वर्षांसाठी 100 घेतलेस, तर एकूण 200 च्या थोडे वर फेडतोस. तेच 30 वर्षांसाठी घेतलेस तर 264. हप्ता मात्र जेमतेम 12 टक्क्यांनी उतरतो. म्हणजे एवढ्याशा दिलाशासाठी व्याज 100 वरून 164 वर जातं.

मी: बाप रे. एवढा फरक?

काका: हो. कारण सुरुवातीचा हप्ता बहुतेक व्याजातच जातो. वरच्याच 20 वर्षांच्या हिशोबात पहिल्या हप्त्यातले 80 टक्के व्याज आणि मुद्दलात फक्त 20. निम्मं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षांहून जास्त लागतात. म्हणून हातात जादा पैसे आले तर पहिल्या काही वर्षांत भरलेले सगळ्यात उपयोगी पडतात.

आत्या: पण भरू देतात का ते आधी विचार! आम्ही पाचव्या वर्षी कर्ज बंद करायला गेलो तेव्हा मुदतपूर्व फेडीचा दंड सांगितला. करारात होता, आम्ही वाचला नव्हता. त्याला पहिल्याच भेटीत विचार की अर्धवट भरले तर काय, पूर्ण बंद केलं तर काय.

काका: ताई योग्य बोलली, आत्याही योग्य. दर स्थिर की बदलता हेही विचार. स्थिर असेल तर किती वर्षं, आणि त्यानंतर काय? बदलता असेल तर दर वाढल्यावर हप्ता वाढवतात की मुदत? सुरुवातीलाच दर 8 चा 9 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर 20 वर्षांचं कर्ज 25 वर्षांच्या पुढे जातं. हप्ता बदलला नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि मुदत मागून वाढत राहते.

मी: लिहून घेतोय.

दादा: त्याला पैसे कोण देतं तेही विचार. तुझ्याकडून फी, की कर्ज देणाऱ्याकडून कमिशन, की दोन्ही? आणि सगळ्या बँकांची कर्जं दाखवतो की ठरावीक चार-पाचांचीच? यात संकोच नको. चांगला सल्लागार न विचारताच सांगतो. कर्जाबरोबर विमा घ्यावाच लागेल म्हणाला, तर अट कुणाची ते लेखी माग.

रेवा: काका, एक विचारू का? माझ्या भावाच्या शिक्षणाच्या कर्जाला मी जामीनदार आहे. हप्ते तोच भरतो, नियमित. ते सांगायचं का?

काका: आधी सांगायचं, बेटा. त्याने हप्ते थकवले तर ते तुझ्याकडे येतात, म्हणून कर्ज देणारा ते मोजू शकतो. लपवलं आणि नंतर निघालं तर पुढच्या सगळ्या कागदांवरचा विश्वास जातो. त्याच्या हप्त्यांच्या नोंदीही बरोबर ने. आणि तुम्ही दोघांनी आपापला पतअहवाल, म्हणजे आधीची कर्जं-कार्डं कशी फेडली त्याची नोंद (क्रेडिट रिपोर्ट), काढून बघितलात का?

मी: नाही. मागितला की पत घसरते असं ऐकलं होतं.

काका: स्वतः स्वतःचा बघितल्याने घसरत नाही. थोड्या दिवसांत ठिकठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले तर मात्र ते नोंदीत दिसतं आणि समोरचा साशंक होतो. म्हणून शनिवारी त्याला स्पष्ट सांग, विचारल्याशिवाय कुठेही अर्ज टाकू नका.

आत्या: मी देणार आहे त्या पैशांचं काय करायचं? ऐनवेळी पाठवले तर चालतील ना?

काका: ऐनवेळी नको गं. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की ती कुठून आली असं विचारतात. आताच खात्यातून खात्यात पाठव, आणि ही भेट आहे, परत घेणार नाही असं दोन ओळींचं सहीचं पत्र दे. नाहीतर तेही उसनं धरतील.

आत्या: आज रात्रीच लिहिते.

ताई: आणि रे, सगळी शिल्लक घराच्या पहिल्या रकमेत घालू नकोस. कर, नोंदणी, मूल्यांकन, वकील, कर्जाची प्रक्रिया फी, हे वेगळे लागतात. त्यानंतरही सहा महिन्यांचे हप्ते बाजूला उरले पाहिजेत. आमचे तेच उरले नव्हते.

दादा: अजून एक करून बघा. आत्ताचं भाडं आणि होणारा हप्ता यात जेवढा फरक आहे, तेवढे पैसे या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका. तीन महिने ओढाताण न होता जमलं तर हप्ता झेपेल. दुसऱ्याच महिन्यात त्यातून काढावे लागले, तर ताईने सांगितलेला आकडा कमी करा.

रेवा: हे आवडलं मला. आजच खातं उघडते.

(दुसऱ्या दिवशी, रात्री 10:40)

मी: काका, झोपलात का? अहवाल काढला. माझं चार वर्षांपूर्वी बंद केलेलं कार्ड अजून चालू दाखवतंय, थोडी थकबाकीही आहे. मी तर सगळं भरून बंद केलं होतं.

काका: जागा आहे. बंद केल्याचं पत्र किंवा मेल सापडतोय का बघ.

रेवा: सापडला, काका. जुन्या मेलमध्ये आहे, थकबाकी शून्य असं लिहिलंय.

काका: मग आताच दोन ठिकाणी तक्रार टाका, कार्ड देणाऱ्याकडे आणि अहवाल देणाऱ्या संस्थेकडे. मेल जोडा. दुरुस्तीला काही आठवडे लागतील. शनिवारी त्याला दोन्ही कागद दाखवून सांगायचं की दुरुस्त अहवाल हातात येईपर्यंत अर्ज करायचा नाही.

मी: म्हणजे भेट पुढे ढकलू?

काका: नको. भेटीला जा. आणि तुमचा आकडा ठरला का?

रेवा: ठरला. ह्याच्या मनातल्यापेक्षा कमी आला, पण दोघांनी सही करून फाइलच्या पहिल्या पानाला लावलाय.