इलेक्टर म्हणजे नेमका कोण? मतदारच, की वेगळा कोणी?

चौकस:
नमस्कार मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. निवडणूक आयोगाच्या इंग्रजी तक्त्यात ‘इलेक्टर्स’ आणि ‘व्होटर्स’ असे दोन वेगळे रकाने असतात आणि दोन्हीतले आकडे वेगळे. मग अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत परत इलेक्टर येतात, तेही फक्त ५३८. तिकडे कोट्यवधी लोक मत देतात, मग हे ५३८ जण काय करतात? त्यांना स्वतःच्या मनाने मत देता येतं का, की लोकांनी ठरवलंय त्याच्यावर नुसती सही करायची? आणि सहीच करायची असेल तर मधे माणूस कशाला, सरळ आकडे मोजा ना. कोणी नीट समजावलं तर बरं होईल.

पानगळ:
तक्त्याचं सोपंय. यादीत नाव आहे तो इलेक्टर, ज्याने प्रत्यक्ष मत टाकलं तो व्होटर. टक्केवारी याच दोन आकड्यांवरून काढतात. २०१९ च्या लोकसभेला ९१ कोटींच्या आसपास इलेक्टर होते आणि मतदान ६७.४ टक्के झालं. घरी बसून राहिलेला माणूसही इलेक्टर असतोच, मत दिलं नाही म्हणून त्याचा हक्क जात नाही. उलट यादीत नाव नसेल तर ओळखपत्र खिशात असूनही मत देता येत नाही, त्यामुळे यादी बघत जा रे बाबांनो, मतदानाच्या दिवशी केंद्रावर वाद घालून काही होत नाही.

रात्रपाळी:
अमेरिकेचं मी सांगतो, हा माझा आवडीचा विषय आहे.

तिथे मतदार तांत्रिकदृष्ट्या राष्ट्राध्यक्षाला मत देतच नाही, तो आपल्या राज्यातले इलेक्टर निवडतो. प्रत्येक पक्ष आधीच आपल्या माणसांची यादी देऊन ठेवतो, जो पक्ष राज्यात पुढे त्याची अख्खी यादी इलेक्टर होते (मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं तेवढी मतदारसंघांनुसार वाटणी करतात). ५३८ आले कुठून तर ४३५ प्रतिनिधी, १०० सिनेटर आणि राजधानीचे ३. जिंकायला २७० लागतात. सिनेटर किंवा खासदार असलेल्याला स्वतः इलेक्टर होता येत नाही. डिसेंबरात हे लोक आपापल्या राज्यात जमतात, राष्ट्राध्यक्षासाठी एक आणि उपराष्ट्राध्यक्षासाठी एक अशी वेगळी मतं देतात, प्रमाणपत्रांवर सह्या करतात आणि ती राजधानी वॉशिंग्टनला जातात, जानेवारीत संसदेत मोजणी होते.

आता तुझा खरा प्रश्न, मनाने मत देता येतं का. २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात १२ इलेक्टर हिलरी क्लिंटनचे होते. त्यातल्या तिघांनी माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलला मत दिलं आणि एकाने एका आदिवासी कार्यकर्तीला. ट्रम्पच्या बाजूच्या इलेक्टरनीही असंच फुटावं आणि कोणालाच २७० मिळू नयेत अशी आशा होती, ती फळली नाही. चौघांना हजार-हजार डॉलर दंड झाला, त्यातले तिघे सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०२० मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की इलेक्टरने शब्द दिल्याप्रमाणेच मत द्यावं असं राज्य बंधन घालू शकतं. सगळ्याच राज्यांत असा कायदा नाहीये मात्र.

माझं मत म्हणशील तर बंधन बरोबरच आहे. लोकांनी मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव बघून मत दिलं, त्या इलेक्टरचं नाव किती जणांना माहीत असतं? ज्याला कोणी ओळखत नाही त्याने ऐनवेळी लाखो लोकांचं मत फिरवायचं, हे मला पटत नाही.

निळी_शाई:
रात्रपाळी, अमेरिकेपुरतं मान्य, पण त्यावरून इलेक्टर म्हणजे नुसता निरोप्या असं कोणी समजू नये. पोपच्या निवडणुकीत ८० वर्षांखालचे कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, इलेक्टर असतात, त्यांना कोणी सांगून पाठवलेलं नसतं, दोन तृतीयांश मतं एकाला मिळेपर्यंत फेऱ्या चालतात. २०२५ मध्ये १३३ जण होते. चिठ्ठीवर नाव लिहायचं तेही अक्षर ओळखू येणार नाही असं. तिथे स्वतःचं मत हाच सगळा मुद्दा आहे. त्याआधी युरोपातल्या पवित्र रोमन साम्राज्यात १३५६ च्या फर्मानाने सात इलेक्टर पक्के केले होते, तीन आर्चबिशप आणि चार राजे-सरदार, ते तर जनतेने निवडलेलेच नव्हते, राजा कोण हे ठरवायचा हक्क घराण्यात किंवा पदासोबत चालत यायचा.

आणि आपल्या राष्ट्रपतींचं बघा. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्यच निर्वाचक म्हणजे इलेक्टर, नामनियुक्तांना मत नाही. आमदाराच्या मताचं मूल्य राज्यानुसार वेगळं, उत्तर प्रदेशातल्या आमदाराचं २०८, महाराष्ट्रातल्याचं १७५, कारण हिशेब १९७१ च्या लोकसंख्येवर आहे. आयोगाने दिलेल्या पेननेच पसंतीचे आकडे लिहायचे, १ लिहिला नाही तर मत बाद. गुप्त मतदान आणि पक्षाला व्हिप, म्हणजे कोणाला मत द्यायचं याचा आदेश, काढता येत नाही. हा आमदार मी निवडून दिलाय, माझ्या नावावर तो तिथे गेलाय, पण त्याने कोणाला मत दिलं हे मला कधीच कळणार नाही. गुप्तता नसेल तर पक्ष दबाव आणेल हे मान्य, तरी मला हे खटकतं आणि यावर बोललं जायला हवं.

चौकस:
खूप मदत झाली, धन्यवाद. म्हणजे बघायचं ते एवढंच की त्याला कोणी निवडलं आणि मत त्याचं स्वतःचं की पाठवणाऱ्यांचं, बरोबर ना? शेवटचं एक विचारतो, अमेरिकेत कोणालाच २७० नाही मिळाले तर? परत मतदान घेतात का?

रात्रपाळी:
बरोबर पकडलंस. आणि नाही, परत मतदान नाही, इलेक्टरचं काम तिथे संपतं. मग राष्ट्राध्यक्ष प्रतिनिधीगृह निवडतं, तेही पहिल्या तिघांतूनच आणि प्रत्येक राज्याला एकच मत, सगळ्यात जास्त लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियालाही एक आणि सगळ्यात कमी लोकसंख्येच्या वायोमिंगलाही एकच. १८२४ च्या निवडणुकीत असं झालं होतं, अँड्र्यू जॅक्सनकडे इलेक्टरची मतं सगळ्यात जास्त असूनही राष्ट्राध्यक्ष झाले जॉन क्विन्सी अॅडम्स.