फिनलंडला डास?? लेक चेष्टा करतोय का

सिंहगडरोडची_काकू:
जूनच्या शेवटी आम्ही दोघं लेकाकडे चाललोय, रोवानिएमीला, आर्क्टिक सर्कलपाशी. तो म्हणतो आई डासांचा बंदोबस्त करून ये. मी हसले, इथे फेब्रुवारीत जलपर्णीचे डास झेलतीये मी, बर्फाच्या देशात कसले आलेत डास! ओडोमॉस पुरेल ना? आणि संध्याकाळी सहाला खिडक्या लावल्या की झालं ना?

भटक्या_औंध:
काकू, चेष्टा नाहीये. तिकडच्या डासांची अंडी हिवाळाभर बर्फाखाली मातीत पडून असतात, बर्फ वितळला की दलदलीत जिकडेतिकडे डबकी होतात आणि उन्हाळा इवलासा म्हणून सगळे एकदमच बाहेर पडतात. आणि सहाचा नियम विसरा, तेव्हा तिकडे सूर्य मावळतच नाही. मलेरिया-डेंग्यूची भीती नाही, पण खाज म्हणजे खाज!

बावधनची_मीनू:
आम्ही जुलैत गेलेलो. मी शहाणी, काळी टाइट लेगिंग घालून जंगलात, त्यातूनसुद्धा चावले. फिकट रंगाचे सैल कपडे, पँट मोज्यात खोचायची, दिसायला बावळट पण चालतं. तोंडावर जाळी हवीच, मी भाकरवडी खायला जरा वर केली तर भाकरवडीआधी तीन डास आत 😭 ओडोमॉसच्या भरवशावर राहू नका, तिकडच्या दुकानातून अंगाला लावायचं, २०-३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिनवालं (ही डास पळवणारी रसायनं) घ्या. आधी सनस्क्रीन, ते वाळलं की वरून हे.

सदाशिव_पेठी:
आइसलंडला जायचं होतं, तिथे डास नव्हते म्हणे. अर्थात ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेही तीन सापडलेच. तेव्हा आता तोही मार्ग बंद.

भटक्या_औंध:
😂 काकू, एक राहिलं, बसायचं तर तळ्याकाठी वारा असेल तिथे बसा, वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही. झाडीत थांबलात की संपलं. आणि डीटचा हात चष्म्याला, घड्याळाच्या पट्ट्याला लावू नका, प्लास्टिक खराब होतं.

सिंहगडरोडची_काकू:
बरं झालं विचारलं. ह्यांचा चष्मा परवाच केलाय, प्लास्टिकचाच, आणि दर दोन मिनिटांनी तो वर सरकवायची सवय आहे. ह्यांना मीच लावून देईन, हात सोडून.