सातारा-सांगलीत आरोग्याचा पैसा आधी कुठे जावा?

माणदेशी: मिरजेत 1894 साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं, 1962 साली सरकारी मेडिकल कॉलेज. कऱ्हाड-साताऱ्यातही दवाखान्यांना तोटा नाही. तरी जत, आटपाडी, माण, खटावातली कितीतरी माणसं लकवा मारल्यावरच तिथं पोचतात, कारण आपल्याला बीपी आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. माझं स्पष्ट मत: वाढीव निधी आधी बीपी-शुगरची तपासणी, नियमित गोळ्या, मशेरी सोडवणं आणि पिण्याचं पाणी यांवर जावा. इमारती नंतर. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच दोन तृतीयांश किंवा जास्त पैसा प्राथमिक सेवेला द्या, असं म्हटलंय. त्याच वर्षी देशात रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम निघाला, पहिल्या टप्प्यात सातारा होता. मोजक्या ठरलेल्या गोळ्या, प्रत्येकाचं कार्ड, तारीख चुकली की पाठपुरावा. याला महागडं यंत्र लागत नाही.

कृष्णाकाठ: साफ असहमत. माझ्या चुलत्यांना रात्री छातीत कळ आली. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी निघाला, पण वाचायला कुणी नव्हतं. सांगलीला नेईपर्यंत संपलं. त्यांना बीपी आहे हे माहीत होतं, गोळ्याही चालू होत्या! ‘प्रतिबंध’ म्हणजे गरिबाला सल्ला आणि पैसेवाल्याला स्टेंट, असं होऊन बसतं. मोफत उपचारांच्या फुले योजनेचं कार्ड खिशात असून काय उपयोग, योजनेतलं हॉस्पिटल दोन तास लांब असेल तर?

माणदेशी: चुलत्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण सल्ला देणं आणि बीपी मोजून गोळी हातात देणं यात फरक आहे. वेल्समध्ये खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. जिथं गरज जास्त तिथंच चांगली सेवा कमी मिळते, हे त्यांनी 1971 मध्ये मांडलं. नुसतं मांडून थांबले नाहीत, गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचं बीपी मोजलं. शेजारच्या तशाच गावापेक्षा तिथं अकाली मृत्यू कमी राहिले.

आशाताई_खटाव: दोघंही वर्षभर गावात राहणाऱ्यांचंच बोलताय. हंगाम लागला की आमच्या वाडीतली निम्मी माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला फडावर जातात. कार्ड गावात, माणूस फडावरच्या कोपीत. तिथल्या आरोग्य केंद्राची ओपीडी चालू असते तेव्हा बाई मोळ्या बांधत असते, परत येऊन चूल पेटवते तोवर केंद्राला कुलूप. एक दिवस गेला की मुकादम खाडा धरतो. गेल्या साली एकीनं मला पिशवी उपसून दाखवली: मशेरीची डबी भरलेली, गोळ्यांचं पाकीट रिकामं. ‘बाई, मशेरीनं भूक मरते, गोळीनं काय होतंय कळतच नाही.’ तिला पोस्टर दाखवून काय सांगू? पोस्टर-भाषणांनी ज्याला वेळ आहे तोच सुधारतो, म्हणजे दरी आणखी वाढते. तपासणी फडावर संध्याकाळी न्या, जाताना गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम द्या. आणि हे आमच्याकडून करून घ्यायचं असेल तर त्याचा मोबदला आधी ठरवा.

वाईकर: पाण्याचा मुद्दा कुणी धरेना. टँकरच्या गावात हात धुवा म्हणून सांगायलाही जीभ रेटत नाही.

कृष्णाकाठ: आशाताई, तुमचं पटलं. फडावर तपासणी होणार असेल तर पहिला पाठिंबा माझा. पण माणदेशी, रात्री ईसीजी वाचणारा माणूस आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, हे तुमच्या ‘इमारती नंतर’मध्ये ढकलू देणार नाही. तेही गरिबालाच लागतं, आणि तालुक्यातच लागतं.

माणदेशी: इंजेक्शन आणि माणूस मान्य. नवी इमारत अजूनही अमान्य.

आशाताई_खटाव: आणि फडावरच्या तपासणीला गाडी कोण देणार? माझ्या मते कारखान्यानं द्यावी. ऊस त्यांचाच तुटतोय.