एकाच बागेची शिराझ वाइन, पण दोन वर्षांच्या दोन चवी?

द्राक्षवेडा: दिंडोरीकडच्या एकाच बागेची शिराझ, दोन वेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी शेजारी उघडल्या तर एक मस्त मिरीसारखी आणि दुसरी नुसता जॅम, माती तीच वेली त्याच, मग हंगामाने एवढा फरक पडतो का?

निफाडकर: पडतो ना राव. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी), म्हणजे मणी भरतात ते थंडीत, युरोपच्या उलट. रात्री 10 अंशांच्या आसपास उतरल्या की आंबटपणा टिकतो, साखर सावकाश चढते, सालीत रंग धरतो. मिरीचा वास रोटंडोन या सुगंधी संयुगाचा, तो थंड हंगामात जास्त. थंडी लवकर पळाली की ब्रिक्स (रसातली साखर) धावतं, अ‍ॅसिड पडतं, तोच तुमचा जॅम.

पुणेरी_पेला: आणि अवकाळी विसरलात! फुलोऱ्यात पाऊस आला की फुलगळ आणि डाऊनी (केवडा) रोग, काढणीच्या तोंडावर आला तर मणी तडकतात. चार बागांच्या ब्लेंडमध्ये हे झाकता येतं हो, सिंगल व्हिनयार्डमध्ये, म्हणजे एकाच बागेच्या वाइनमध्ये, दुसरा माल आणणार कुठून?

द्राक्षवेडा: अच्छा! मिरीवाली अजून एक आहे, ठेवू का वर्षभर?

निफाडकर: ठेवा की, फक्त फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथे गरम असतं.